प्रोटिस्टा: पाण्याच्या एका थेंबातून वर्गीकरण समजून घेण्याची पायरीवार पद्धत

अकरावीच्या जीवशास्त्रात सजीवांच्या वर्गीकरणाचे प्रकरण सुरू झाले की मोनेरा, कवके, वनस्पती आणि प्राणी या चार सृष्टी विद्यार्थ्यांना फारसा त्रास देत नाहीत. अडखळायला होते ते प्रोटिस्टांपाशी. या अडचणीचे मूळ गटाच्या स्वरूपातच आहे. प्राणी म्हणजे काय हे त्यांच्या अंगी असलेल्या लक्षणांवरून सांगता येते, प्रोटिस्टांची व्याख्या मात्र मुख्यतः ते काय नाहीत यावरून केली जाते. ज्याच्या पेशीत पटलाने वेढलेले स्पष्ट केंद्रक आहे, पण ज्याला वनस्पती, प्राणी किंवा कवक यांपैकी कशातही ठेवता येत नाही, तो प्रोटिस्ट. अशा उरलेल्यांच्या गटात एकमेकांशी अगदी दूरचे नाते असलेले सजीव एकत्र येणारच. म्हणून तक्ता पाठ करून या विषयाची सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समोर दिसणाऱ्या सजीवाला ठरावीक क्रमाने काही प्रश्न विचारावेत, त्यांची उत्तरे लिहून काढावीत आणि मग तक्त्याकडे वळावे. पुढील पायऱ्या अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. शाळेतील साधा सूक्ष्मदर्शक त्यांना पुरतो.

पहिली पायरी: गटाची सीमा निश्चित करा

अर्न्स्ट हेकेल या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये वनस्पती आणि प्राणी यांच्या जोडीला प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी सुचवली, तेव्हा त्याने तीत जीवाणूंनाही सामावून घेतले होते. पुढे हर्बर्ट कोपलंड याने १९३८ मध्ये केंद्रक नसलेल्या सजीवांना मोनेरा म्हणून वेगळे काढले, आणि रॉबर्ट व्हिटाकर याने १९६९ मध्ये मांडलेल्या पंचसृष्टी पद्धतीत कवकांनाही स्वतंत्र सृष्टी मिळाली. आपल्या पाठ्यपुस्तकांत आजही हीच पद्धत शिकवली जाते. इतिहासाचा हा क्रम लक्षात ठेवला तर सीमाही लक्षात राहते, कारण प्रत्येक टप्प्यावर प्रोटिस्टांमधून कोणाला तरी बाहेर काढले गेले आहे.

नवख्या विद्यार्थ्याने तीन ठिकाणी विशेष सावध असावे. नीलहरित शैवालाच्या नावात शैवाल असले तरी त्याला केंद्रक नसते, म्हणून ते मोनेरात जाते. यीस्ट एकपेशीय आणि दृश्यकेंद्रकी असूनही कवक आहे, कारण त्याचे सारे नाते कवकांशी आहे. तिसरा फसवा सजीव रोटिफर: तळ्याच्या पाण्यात तो हमखास सापडतो, मोठ्या पॅरामेशिअमएवढा असतो, डोक्यावरच्या केसांसारख्या पक्ष्माभिका गरगर फिरवतो आणि अनेकांच्या वहीत प्रोटिस्ट म्हणून जाऊन बसतो, पण तो बहुपेशीय प्राणी आहे. त्याच्या शरीरात सतत कुटणारा जबड्यासारखा अवयव दिसला की शंका उरत नाही.

हिरव्या, तपकिरी आणि लाल शैवालांबाबत पुस्तकापुस्तकांत मतभेद आहेत. क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवे शैवाल काही पुस्तकांत वनस्पतिसृष्टीत असते, काहींत प्रोटिस्टांत. परीक्षेसाठी आपल्या मंडळाच्या पुस्तकातील मांडणी पाळावी, आणि हा मतभेद का आहे त्याचे उत्तर शेवटच्या पायरीत शोधावे.

दुसरी पायरी: नमुना तयार करा आणि नीट पाहा

ही पायरी वगळून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला प्रोटिस्टांची चित्रे ओळखता येतात, प्रोटिस्ट ओळखता येत नाहीत. तळे, जुनी विहीर, भातखाचर किंवा बरेच दिवस पाणी साचलेली कुंडी यांतून थोडे पाणी घ्यावे, मात्र ते वरवरचे नको. तळाचा गाळ, कुजकी पाने आणि बुडालेल्या काड्यांवरचा बुळबुळीत थर यांसह घ्यावे, कारण बहुतेक प्रोटिस्ट तेथेच वावरतात. जवळपास पाण्याची जागा नसेल तर भाताचा पेंढा किंवा वाळलेले गवत पाण्यात उकळून ते पाणी थंड करावे, त्यात तळ्याचे चमचाभर पाणी किंवा थोडी बागेतील माती घालून भांडे सैल झाकावे आणि उन्हाबाहेर ठेवावे. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास ते आधी दिवसभर उघडे ठेवावे, नाहीतर त्यातील क्लोरीन सारे मारून टाकते. या भांड्यात प्रथम जीवाणू वाढून पाणी गढूळ होते, मग त्यांना खाणारे लहान कशाभिकाधारी (चाबकासारख्या धाग्याने पोहणारे) प्रोटिस्ट दिसू लागतात, त्यांच्यामागून कोल्पोडा आणि पॅरामेशिअम येतात, आणि अमिबा सहसा बराच उशिरा दिसतो. दररोज एक थेंब पाहून नोंद ठेवणाऱ्याला हा सारा क्रम स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतो.

स्लाइडवर थेंब ठेवल्यावर त्यात कापसाचे चार-दोन तंतू विस्कटून टाकावेत आणि मग कव्हर स्लिप ठेवावी. पॅरामेशिअम इतका वेगाने जातो की तो नजरेत धरणे अवघड होते. तंतूंच्या जाळ्यात तो अडकतो आणि निवांत पाहता येतो. दुसरी गोष्ट प्रकाशाची: नवखे विद्यार्थी झोत पूर्ण उघडा ठेवतात आणि पारदर्शक पेशी त्या उजेडात हरवून जाते. सूक्ष्मदर्शकाच्या मंचाखालील पडदा अर्धा मिटवून प्रकाश कमी केला की पेशीच्या कडा आणि आतील रिक्तिका, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशव्या, उठून दिसतात.

आकाराचा अंदाज घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. दहापट नेत्रिका आणि दहापट वस्तुभिंग असलेल्या नेहमीच्या शालेय सूक्ष्मदर्शकात दिसणारे वर्तुळ साधारणपणे १.८ मिलिमीटर व्यासाचे असते. चाळीसपट वस्तुभिंग लावले की ते सुमारे ०.४५ मिलिमीटर उरते. आपल्या सूक्ष्मदर्शकाचे माप पारदर्शक मोजपट्टी मंचावर ठेवून ताडून पाहावे. पॅरामेशिअम कॉडेटम साधारण ०.१७ ते ०.३ मिलिमीटर लांब असतो, युग्लिना बहुधा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास, आणि जीवाणू त्याहून कितीतरी लहान, एक-दोन मायक्रोमीटरचे. एवढ्या अंदाजानेही अर्ध्या चुका टळतात.

नमुना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि हे पाणी डोळ्यांना किंवा नाकाला लागू देऊ नये. गोड्या पाण्यात मुक्तपणे राहणाऱ्या काही अमिबांपासून डोळ्यांचे आणि मेंदूचे गंभीर आजार होतात, म्हणून ही काळजी केवळ औपचारिकता समजू नये.

तिसरी पायरी: तो हलतो कसा हे पाहा

हालचाल हा पहिला प्रश्न, कारण त्याचे उत्तर लगेच मिळते. पेशीद्रव पुढे ओतत, आकार बदलत सरकणारा सजीव छद्मपाद वापरतो. अमिबा हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अंगभर बारीक केसांसारख्या पक्ष्माभिका तालात हलवत, स्वतःभोवती फिरत पुढे जाणारा तो पॅरामेशिअमच्या गटातला. देठावर उभा राहून धक्का लागताच देठ गुंडाळून घेणारा व्हॉर्टिसेला हाही पक्ष्माभिकाधारीच असतो. एखाद-दुसऱ्या लांब कशाभिकेने पोहणारे युग्लिनासारखे सजीव तिसऱ्या प्रकारात येतात. कशाभिका जिवंत नमुन्यात क्वचितच स्पष्ट दिसते, म्हणून कव्हर स्लिपच्या कडेला आयोडीनच्या द्रावणाचा थेंब सोडावा. पेशी मरते, पण कशाभिका आणि पक्ष्माभिका रंगून ठळक होतात. हे निरीक्षण सर्वांत शेवटी करावे.

चौथा प्रकार प्रौढ अवस्थेत हालचालीची कोणतीही खास साधने नसलेल्या परजीवींचा आहे. हिवताप घडवणारा प्लास्मोडिअम त्यांपैकी एक, आणि तो थेंबात सापडणार नाही.

हालचाल पाहत असतानाच संकोची रिक्तिकाही शोधावी. गोड्या पाण्यातील प्रोटिस्टाच्या पेशीत बाहेरचे पाणी सतत शिरत राहते, आणि ही रिक्तिका भरून आकुंचन पावत ते बाहेर टाकते. पॅरामेशिअमच्या दोन टोकांजवळ अशा दोन रिक्तिका आळीपाळीने आकुंचन पावताना दिसतात. एका मिनिटात किती वेळा आकुंचन झाले ते मोजावे, मग अगदी फिकट मिठाचे पाणी कडेने सोडून पुन्हा मोजावे. आकुंचने मंदावतात, कारण आत शिरणारे पाणीच कमी झालेले असते. परासरण शिकवण्याचा याहून थेट प्रयोग मला ठाऊक नाही.

चौथी पायरी: पोषण कसे होते ते ठरवा

पेशीत हरितलवके दिसली तर सजीव स्वयंपोषी, अन्नरिक्तिका दिसल्या तर परपोषी, अशी सोपी विभागणी बहुतेक वेळा उपयोगी पडते. तिच्या आधारे पुस्तके वनस्पतिसदृश, प्राणिसदृश आणि कवकसदृश असे तीन ढीग करतात. हे ढीग सोयीचे आहेत, पण त्यांना नाते समजण्याची चूक करू नये.

युग्लिना हे याचे पहिले कारण. उजेडात तो प्रकाशसंश्लेषण करतो, अंधारात पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये शोषून जगतो, आणि तांबड्या नेत्रबिंदूच्या साहाय्याने प्रकाशाची दिशा ओळखून तिकडे पोहतो. त्याला पेशीभित्तिका नसते. पटलाखालील प्रथिनांच्या लवचिक पट्ट्यांमुळे त्याचे अंग पोहता पोहता फुगते आणि आखडते. अशा सजीवाला मिश्रपोषी म्हणावे.

दुसरे कारण कोकणच्या समुद्रात आहे. काही रात्री किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा निळसर चमकतात, त्यामागे बहुधा नॉक्टिल्यूका हा डायनोफ्लॅजेलेट (कशाभिकाधारी प्रोटिस्टांचा एक गट) असतो. पाणी हलले की त्याच्या पेशीतील ल्युसिफेरिन या द्रव्यावर विकराची क्रिया होऊन प्रकाश पडतो. पाठ्यपुस्तकात डायनोफ्लॅजेलेट वनस्पतिसदृश गटात असतात, पण नॉक्टिल्यूकाला स्वतःची हरितलवके नाहीत. तो डायटम (कवचधारी एकपेशीय शैवाले) आणि इतर सूक्ष्मजीव गिळून जगतो. अरबी समुद्रात हिवाळ्यात मोठ्या प्रमाणावर फोफावणाऱ्या त्याच्या हिरव्या प्रकारात तर पेशीच्या आत दुसरी हिरवी शैवाले जिवंत राहतात आणि त्याला अन्न पुरवतात. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असणारी ही पेशी बाटलीतील पाण्यात नुसत्या डोळ्यांनीही पारदर्शक ठिपक्यासारखी दिसू शकते.

पाचवी पायरी: पेशीच्या बाहेरील आवरण तपासा

अमिबाला केवळ पटल असते, पॅरामेशिअमला त्याहून ताठ आवरण, आणि बहुतेक परिचित डायनोफ्लॅजेलेटना सेल्युलोजच्या तबकड्यांचे चिलखत. डायटमचे कवच सिलिकाचे असते आणि त्याचे दोन भाग डबीवर झाकण बसावे तसे एकमेकांत बसलेले असतात. प्रत्येक विभाजनात दोन्ही नव्या पेशी जुना अर्धा भाग झाकण म्हणून घेतात आणि आतला भाग नव्याने तयार करतात; त्यामुळे डबीचा भाग मिळालेली पेशी किंचित लहान होते. पिढ्यानुपिढ्या आकार घटत गेला की बहुधा लैंगिक प्रजननातून मूळ आकार परत मिळवला जातो. मेलेल्या डायटमची कवचे कुजत नाहीत. त्यांच्या थरांपासून बनलेली मऊ माती गाळणीसाठी वापरतात, आणि आल्फ्रेड नोबेल याने १८६७ मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन शोषून धरायला हीच माती वापरली होती. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे एक पंचमांश वाटा डायटमचा मानला जातो.

आवरणाच्या प्रश्नाचे खरे महत्त्व मात्र नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत कळते. द्राक्षाच्या पानावर वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग आणि त्यांच्या खालच्या बाजूस पांढरी लव दिसली की बागायतदार तिला केवडा किंवा डाऊनी म्हणतात; पानाच्या वरच्या पृष्ठभागावर राखेसारखी पांढरट भुकटी दिसली तर ती भुरी. दोन्हींना बोलताना बुरशीजन्य रोगच म्हटले जाते, दोन्हींचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली कवकांसारखेच दिसतात, पण भुरी खरे कवक आहे आणि केवडा नाही. कवकाच्या भित्तिकेत कायटिन ठळकपणे असते. केवड्याचा प्लास्मोपारा विटिकोला हा ऊमायसीट गटातील असून त्याच्या भित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज आणि तत्सम द्रव्ये असतात, आणि पाण्यात पोहणारे त्याचे बीजाणू दोन कशाभिकांनी हलतात. त्यामुळेच केवड्याला लागण करण्यासाठी पानावर पाण्याचा थर लागतो, तर भुरी कोरड्या पानावरही वाढते. औषधांचा फरकही इथूनच येतो: मेटॅलॅक्झिल ऊमायसीटांवर चालते पण भुरीवर नाही, गंधक भुरीवर चालते पण केवड्यावर नाही. बटाट्यावरील उशिरा येणारा करपा हाही याच गटातील फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्समुळे होतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळामागे तोच होता. वर्गीकरण हा केवळ नावे देण्याचा उद्योग आहे असे वाटणाऱ्या विद्यार्थ्याने हे उदाहरण अवश्य लक्षात ठेवावे.

पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यांवर पसरणाऱ्या पिवळ्या किंवा पांढऱ्या चिकट बुरशांनाही याच पायरीवर वेगळे करावे. त्यांची खाणारी, सरकणारी अवस्था भित्तिकेविना असते आणि एकाच पेशीद्रवात असंख्य केंद्रके असतात. भित्तिका दिसते ती फक्त बीजाणूंना.

सहावी पायरी: प्रजनन आणि जीवनचक्र वाचा

विभाजनाची दिशा ही एक उपयुक्त खूण आहे: पॅरामेशिअम आडवा विभागतो, युग्लिना उभा, आणि अमिबाला ठरावीक दिशा नसते. पॅरामेशिअमचे संयुग्मन पाहायला मिळाले तर उत्तमच. दोन पेशी चिकटून लहान केंद्रकांची देवाणघेवाण करतात आणि दोनच पेशी म्हणून वेगळ्या होतात. संख्या वाढत नाही, म्हणून ही लैंगिक क्रिया असली तरी त्या क्षणी प्रजनन नव्हे.

प्लास्मोडिअमसारख्या परजीवीची ओळख मात्र जीवनचक्राशिवाय होतच नाही. अल्फॉन्स लाव्हेरां याने १८८० मध्ये अल्जीरियातील कॉन्स्टंटाइन येथे रुग्णाच्या रक्तात तो प्रथम पाहिला, आणि रोनाल्ड रॉस याने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत त्याच्या गाठी ओळखल्या. चक्र समजून घेताना ते यकृत, रक्त आणि डास अशा तीन मुक्कामांत मांडावे. ॲनॉफिलिस मादीच्या लाळेतून आलेली अवस्था प्रथम यकृतात वाढते. तेथून सुटलेल्या पेशी तांबड्या रक्तपेशींत शिरून त्या फोडतात, आणि व्हायव्हॅक्स जातीत हे साधारण ४८ तासांनी घडत असल्याने ताप एक दिवसाआड येतो. युग्मकांचे मीलन मात्र डासाच्या पोटात होते. व्हायव्हॅक्सच्या काही पेशी यकृतात निद्रिस्त राहतात, म्हणून बरा झालेला रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडू शकतो आणि त्यासाठी डॉक्टर वेगळे औषध देतात.

सातवी पायरी: नात्यावरून आलेले वर्गीकरण जोडा

आतापर्यंतची उत्तरे दिसणाऱ्या लक्षणांवरची होती. जनुकांच्या तुलनेतून उभे राहिलेले आजचे वर्गीकरण त्यांवर ताडून पाहिले की अनेक ढीग मोडतात. हिवतापाचा प्लास्मोडिअम, पॅरामेशिअम आणि डायनोफ्लॅजेलेट हे तिघे एकाच अल्व्हिओलेट गटात येतात, कारण तिघांच्याही पटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो. प्लास्मोडिअममध्ये तर प्रकाशसंश्लेषण गमावलेल्या लवकाचा अवशेष आजही आहे, आणि डॉक्सिसायक्लिन त्याच्या कामात अडथळा आणते. डायटम, तपकिरी शैवाले आणि केवड्याचा ऊमायसीट यांचे कूळ एक आहे. हिरवा युग्लिना हा काळा आजार घडवणाऱ्या लीशमानियाचा नातेवाईक आहे. अमिबा आणि चिकट बुरशा शेजारी आहेत, पण तसेच छद्मपाद असणारे, चुनखडीची कवचे बांधणारे फोरामिनिफेरा दूरच्या रायझेरिया गटात जातात. हिरवी आणि लाल शैवाले वनस्पतींच्या कुळातली, म्हणूनच क्लॅमिडोमोनासची जागा पुस्तकागणिक बदलते. प्राण्यांचे सर्वांत जवळचे एकपेशीय नातेवाईक असलेले कोॲनोफ्लॅजेलेट हेही प्रोटिस्टच आहेत.

परीक्षेत प्रश्न पंचसृष्टी पद्धतीवर असेल तर उत्तर तिच्यातच द्यावे. दोन पद्धतींची सरमिसळ केल्यास गुण जातात. वहीत मात्र प्रत्येक सजीवासाठी सहा रकाने ठेवावेत: आकार, हालचाल, पोषण, आवरण, प्रजनन आणि सर्वांत शेवटी आजचा गट. पॅरामेशिअमची नोंद मग अशी होईल: सुमारे ०.२ मिलिमीटर, पक्ष्माभिका, परपोषी, जीवाणूभक्षक, भित्तिका नाही, ताठ आवरण, आडवे द्विविभाजन व संयुग्मन, अल्व्हिओलेट. एखाद्या सजीवाची जात ठरत नसेल तर चित्रातल्या नावाशी ओढूनताणून जुळवू नये. भरलेले रकाने तसेच ठेवून नावाच्या जागी ‘पक्ष्माभिकाधारी, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच भांड्यातील आणखी एक थेंब पाहावा.